‘इतर’ नसलेली यादी

भिंगारदिवे सर कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवून यादी वाचायचे. रोज सकाळी, आम्ही ऑपरेटर मंडळी खुर्च्या ओढून बसायच्या आत. फॉर्ममधल्या चौकटीशेजारचा छोटा बाण माऊसने दाबला की खाली यादी उघडायची, आणि मग सर शाळेत हजेरी घेतात तशी ती वरून खाली मोठ्याने वाचत जायचे. "कोरडवाहू शेती. बागायत. शेतमजुरी. ऊसतोड. विहीर खोदकाम. विहिरीतला गाळ काढणे..." यादी मोठी, त्यामुळे हे दहा-पंधरा मिनिटं चालायचं. ते मशीन नेमकं माझं. काचेवर त्यांच्या बोटाचा उभा पट्टा उठायचा आणि तो रोज मला पुसावा लागायचा.

पहिल्याच आठवड्यात मी फणकाऱ्याने म्हटलं, "सर, आम्हाला वाचता येतं हो."

"येतं की," ते म्हणाले. "आलेल्याची हजेरी कुनीबी घेतंय ताई. राहिलाय कोन, ते बगावं लागतं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. तेव्हा मात्र मला वाटलं, हा माणूस जरा हललेला आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरहून भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमच्या संस्थेचं सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. संस्थेचे कार्यकर्ते गावोगाव घरोघर फिरून कागदावर माहिती लिहून आणायचे: घरात माणसं किती, पाणी कुठलं, आजारपण काय, कामधंदा काय. आम्ही आठ जण ती कॉम्प्युटरमध्ये भरायचो. खिडक्यांना गज, मशीनवर धूळ बसू नये म्हणून गजांवर जाड पडदे, आणि दार कायम बंद. एसी एकच होता, तोही साहेबांच्या केबिनमध्ये. मे महिन्यात तिथे बसलं की आपला पापड होतोय असं वाटायचं. सकाळी आत गेलेलं माणूस संध्याकाळी बाहेर आलं की डोळे चोळायचं.

सर तिथले सांख्यिकी सहायक. चाळिशीचे, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेले, पण बोलणं कर्जत तालुक्यातलं, जसंच्या तसं. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून बडी माणसं आली तरी सरांच्या ‘हाय’चं ‘आहे’ व्हायचं नाही. कुणी हसलं तर म्हणायचे, "मशीनशी बोलायची भाषा कॉलेजात शिकलो, ही दादाकडनं शिकलो. दोन्ही चांगल्या मास्तरांनी शिकवल्यात."

दादा म्हणजे त्यांचे वडील. आडनाव भिंगारदिवे आणि राहायला भिंगारच्या एका खोलीत, म्हणून लोकांना सर अस्सल भिंगारचे वाटायचे. पण घर मिरजगावला. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका आणि अर्धांगवायू झालेले दादा खाटेवर. तिचं शाळेत शिकवणं आणि सासऱ्यांचं सगळं करणं, दोन्ही एकटीच्या अंगावर. सर शनिवारी संध्याकाळी माळीवाड्यावरून सोलापूरची एसटी धरायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचे. "पाव्हना हाय मी," म्हणायचे. "माझ्याच घरात माझ्यासाठी चांगली कपबशी काढत्यात."

आता हा फॉर्म काय प्रकार होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी आम्ही उत्तरांऐवजी आकडे भरायचो. सात म्हणजे शेळीपालन, सतरा म्हणजे सुतारकाम. घाईत एखादा आकडा हुकला की बिचाऱ्या सुताराच्या दारात शेळ्या बांधल्या जायच्या. मग पुण्याहून हुकूम आला: फॉर्म ब्राउझरमध्ये उघडला पाहिजे आणि उत्तर यादीतून निवडता आलं पाहिजे. हुकूम आला, माणूस आला नाही. वेबची पानं कशी लिहायची हे नगरला तेव्हा कुणाला ठाऊक? सरांना येत होतं फक्त आकडेवारीचं पॅकेज. म्हणजे बेरजा, टक्केवाऱ्या, तक्ते करायची एक प्रोग्रॅमिंगची भाषा.

"पॅकेज तक्ता छापतंय ना?" सर म्हणाले. "मग फॉर्म बी छापंल. त्याला काय, छाप म्हनलेलं छापायचं."

आणि त्यांनी खरंच तेच केलं. सगळी उत्तरं एका साध्या यादीत लिहून ठेवली, एका ओळीत एक. प्रोग्रॅम ती यादी ओळीओळीने वाचायचा आणि प्रत्येक ओळीला वेबच्या भाषेतलं वेष्टन घालून बाहेर काढायचा. सुरुवातीला एक ओळ ‘इथून यादी सुरू’, शेवटी एक ओळ ‘इथे यादी संपली’. शेवेचा सोऱ्या असतो ना, तसं. पीठ बदला, शेव बदलते. सोऱ्याला हात लावायला नको. यादीत एक ओळ वाढवली, प्रोग्रॅम चालवला, की आठही मशीनवरच्या फॉर्ममध्ये ते उत्तर हजर. पुण्याच्या लोकांनी हे पाहिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाकडून करून घेतलंत?" साहेबांनी सरांकडे बोट दाखवलं. माझ्या मते सर अडकले ते त्या दिवशी.

पण एक खोड त्यांनी मुद्दाम ठेवली होती. यादीच्या शेवटी ‘इतर’ नव्हतं. जगातल्या झाडून सगळ्या फॉर्मना शेवटी ‘इतर’ असतं. यांच्या एकाही यादीला नव्हतं. यादीत नसलेलं उत्तर कागदावर आलं की फॉर्म पुढे सरकायचाच नाही. मग आम्ही ते उत्तर चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि तो कागद बाजूला ठेवायचा. पाचनंतर आम्ही घरी गेलो, मशीन मोकळी झाली, की सर डबा उघडून चिठ्ठ्या यादीत घालायचे आणि प्रोग्रॅम चालवायचे. म्हणूनच त्यांना रोज मिरजगावहून जा-ये करता येत नव्हतं. त्यांचं काम आमचं संपल्यावर सुरू व्हायचं.

एकदा पाथर्डीकडच्या एका बाईचा कागद माझ्याकडे आला. धंदा: ‘वाट्याने शेळ्या राखते’. म्हणजे शेळ्या दुसऱ्याच्या, राखायच्या हिने, आणि झालेल्या करडांत निम्मा वाटा. मी सरळ ‘शेळीपालन’ निवडायला निघाले, तर सर मागे उभे.

"शेळी तिची हाय का?"

"नाही."

"मग पालन कुनाचं?"

"सर, एका बाईसाठी आख्खा फॉर्म परत छापायचा?"

"मानसानं यादीत मावायचं नसतं ताई. यादीनं सरकून जागा करायची असती. टाका चिठ्ठी डब्यात."

मी चिठ्ठी टाकली, पण इतक्या जोरात टाकली की डबाच खाली पडला. सरांनी मुकाट्याने चिठ्ठ्या गोळा केल्या. पुढच्या पंधरवड्यात ‘वाट्याने शेळ्या राखणे’ मी स्वतः दहा-बारा घरांना निवडलं असेल. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. मी काही सरळ बाई नव्हे.

जूनमध्ये सरांच्या बदलीची ऑर्डर आली. कर्जतचं उपकार्यालय, मिरजगावहून रोज जाण्यासारखं. सरांनी पेढे वाटले. ऑर्डर आली म्हणजे सुटलो असं ज्याला वाटतं त्याने कधी नोकरी केलेली नसते. ऑर्डरीनंतर ‘कार्यमुक्त’ करावं लागतं, आणि ती सही आमच्या साहेबांची. साहेब म्हणाले, "पर्यायी व्यवस्था झाली की लगेच सोडतो." साहेब वाईट नव्हते. पुण्याहून त्यांच्या मानेवर सुरी होती आणि फॉर्म छापणारा हा एकच माणूस होता. सगळ्यांचे हात एकाच दगडाखाली.

पर्यायी व्यवस्था म्हणजे मी. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, रोज तीन ते चार सरांजवळ बसायचं आणि प्रोग्रॅम शिकून घ्यायचा. "तुम्ही शिकलात की भिंगारदिवे मोकळे."

आणि तुम्ही बसलात की तुम्ही अडकलात, हे ते बोलले नाहीत. मला ते न सांगता कळलं. माझा नवरा सुप्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. पहिली शिफ्ट असली तरच संध्याकाळी आमची तोंडं एकमेकांना दिसायची. लग्नाला दोन वर्षं झालेली. पाचनंतर त्या बंद खोलीत चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसायचं, सुट्टी मागितली की ‘पर्यायी व्यवस्था’ ऐकायचं, हे मी सरांचं रोज बघत होते. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

म्हणून मी शिकले नाही. खरं सांगायचं तर शिकले, आणि आलं नाही असं दाखवलं. सर शिकवायचे फार छान. यादी, सोऱ्या, सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ. तीन-चार आठवड्यांत मला सगळं लख्ख कळलं. पण माणसं वेड पांघरून पेडगावला जातात ना, तशी मी गेले. पेडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, श्रीगोंद्याकडचं, तेव्हा रस्ता पायाखालचा. सरांनी "आता तुमी करून बगा" म्हटलं की मी प्रोग्रॅम लिहायचे आणि ‘इथे यादी संपली’ ही ओळ गाळायचे. त्याचा परिणाम मोठा मजेशीर व्हायचा. यादी बंदच न झाल्यामुळे पुढचे सगळे प्रश्न, पाणी, आजारपण, सगळं, त्या यादीत ओढलं जायचं. पानावर एकच चौकट उरायची, बाकी कोरं.

सर काचेकडे बघत राहायचे. "यादी बंद कराया इसरलात ताई. पुढचे समदे आत अडकले."

"अय्या, परत?" मी म्हणायचे.

ते ओळ घालायचे, प्रोग्रॅम चालवायचे, प्रश्न पुन्हा आपापल्या जागी यायचे. आणि दर शनिवारी साहेबांनी "काय, जमतंय का?" विचारलं की मी मान हलवायचे. "मला नाही हो जमत, साहेब. माझं आपलं बी.कॉम." जुलै गेला, ऑगस्ट गेला. सर शनिवारी पाहुणे म्हणून जायचे, सोमवारी यायचे. दादांची जीभ हळूहळू जड होत चालली होती. आता फक्त सर आले की ते डोळ्यांनी हसतात, एवढंच उरलंय असं सरांनी एकदा डबा खाताना सांगितलं. मी ऐकलं आणि त्यांना माझ्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली. चटणी वाढून पाप फिटत असतं तर किती बरं झालं असतं.

सप्टेंबरात साहेबांनीच एक तोड काढली. सरांना आमच्यासमोर म्हणाले, "भिंगारदिवे, यादीच्या शेवटी एक ‘इतर’ टाका. यादीत नाही तो ‘इतर’. फॉर्म अडणार नाही, चिठ्ठ्या राहणार नाहीत, तुमची गरज राहणार नाही. टाकाल त्या दिवशी सही करतो."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सर सुटणार आणि मीही सुटणार.

सर म्हणाले, "न्हाई जमायचं साहेब."

साहेब आत निघून गेले. मी भडकले. "सर, तीन अक्षरं आहेत. तीन अक्षरं टाका आणि घरी जा. तिकडे दादा तसे पडलेत, वहिनींची ओढाताण चाललीय, आणि तुम्ही इथे एका शब्दाला अडून बसलात?"

बघा, कोण बोलत होतं हे.

सरांनी पेन खिशाला लावलं. "मी चौथीत हुतो," ते म्हणाले. "असाच एक मानूस कागद घिऊन आमच्या वस्तीवर आल्ता. दादाला इचारलं, काय काम करता? दादानं बैजवार सांगितलं. पाऊस झाला तर रोजानं, दसऱ्यानंतर तोडीला, उन्हाळ्यात विहिरीवर, मधल्या दिसांत दगड फोडाया. लई येळ सांगत हुता. कुनी कधी इचारलंच नव्हतं ना. त्या मानसानं सगळं ऐकलं अन् एक शब्द लिहिला. मी डोकावून वाचला. तो गेल्यावर दादा म्हनला, काय लिव्हलं रं? मी म्हनलं, इतर. म्हंजी? म्हनलं, म्हंजी बाकीचे. तर दादा मला म्हनला, माझंच सांगायचं चुकलं व्हय?"



"दादाचं काय बी चुकलं नव्हतं," सर म्हणाले. "कागदावर जागा नव्हती. आता कागद मी करतोय."

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले होते. गेले आणि परत आले. नवऱ्याची पहिली शिफ्ट चालू होती, घरी जाऊन त्याला आवडतात म्हणून थालीपीठं लावली. ती गळ्याखाली उतरली, हेच मला अजून लागतं.

दसरा झाला. तोडीच्या टोळ्या निघाल्या, रस्त्यावर बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक दिसू लागले. एका बुधवारी दुपारी सरांना मिरजगावहून फोन आला. वहिनी एसटीडी बूथवरून बोलत होत्या. फोन माझ्या टेबलाशेजारीच होता. "दादांचं काही खरं नाही. तुम्ही या," एवढं मलाही ऐकू आलं. सर केबिनमध्ये गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. महिनाअखेरीला सगळी माहिती पुण्याला जायची होती, चिठ्ठ्यांचा डबा भरलेला होता, बाजूला ठेवलेल्या कागदांचा ढीग लागला होता. साहेब म्हणाले होते, ढीग संपवा आणि शुक्रवारी संध्याकाळी जा.

सर माझ्याजवळ आले. "ताई, जरा उठा." मी उठले. त्यांनी यादी उघडली, अगदी तळाला गेले आणि तीन अक्षरं टाकली. प्रोग्रॅम चालवला. फॉर्म उघडला, बाण दाबला. सवयच ती, काचेवर बोट टेकवून वरून वाचायला लागले. कोरडवाहू शेती, बागायत, शेतमजुरी. वाट्याने शेळ्या राखणे. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटच्या ओळीच्या वर बोट थांबलं. ती ओळ त्यांनी वाचली नाही. बोट तिथेच ठेवून बसून राहिले.

मला ते बघवेना. मी तडक केबिनमध्ये शिरले.

"साहेब, मला येतं."

"काय येतं?"

"प्रोग्रॅम. पहिल्या महिन्यापासून येतोय. मी खोटं बोलत होते. सरांना आत्ता सोडा, शुक्रवारी नाही."

साहेब बाहेर आले. सर खुर्चीतून उठले. सगळ्यांसमोर मी बसले आणि ‘इतर’ची ओळ पुसून टाकली. डब्यातल्या चिठ्ठ्या एकेक करून यादीत घातल्या, ‘इथे यादी संपली’ लिहिलं, प्रोग्रॅम चालवला. साहेबांनी स्वतः बाण दाबून बघितलं. सगळे प्रश्न आपापल्या जागी होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगली तर बरं असं मला वाटलं, पण सही त्यांनी उभ्याउभ्याच केली.

सरांनी जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली. माझ्याकडे बघितलंही नाही. दारातून मागे वळून म्हणाले, "पानी पीत जा मधनंमधनं. हितं कोंडल्यासारखं व्हतं." आणि गेले.

दादा त्यानंतर आठ दिवस होते.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी मिरजगावला गेले. दोन खोल्यांचं घर, हमरस्त्याच्या कडेला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, दादांच्या फोटोसमोर मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही शिकलात म्हणून हे येऊ शकले. आठ दिवस यांनीच सगळं केलं दादांचं. ओट्यावर खाट काढायचे आणि दोघं जाणारे ट्रक मोजत बसायचे. दादांना बोलता येत नव्हतं, पण बोटं दुमडून मोजायचे. तुमच्यामुळे हो ताई."

मला तिथे बसवेना. आठ दिवस मी दिले म्हणून ती माउली हात धरून बसली होती, आणि चार महिने मीच घेतले होते.

सर मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. गाडीला वेळ होता. मी जे बोलायचं ठरवून आले होते ते एका दमात बोलून टाकलं. मला येत होतं, मी अडकायला घाबरले, मला माफ करा.

"म्हाईत हाय," सर म्हणाले.

"त्या दिवशी सगळ्यांसमोरच बोलले मी..."

"त्या दिशी न्हाई. ऑगस्टापासनंच म्हाईत हुतं. ज्याला येत न्हाई तो रोज नवी चूक करतो ताई. तुमी चार म्हैने एकच चूक केली. एकच चूक नेमकी कराया सगळं यावं लागतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? तुमचे दादा तिकडे..."

समोरून एक ट्रक गेला. वर बायका, पोरं, पेटी, चूल, बांधलेली शेळी. सर तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

"रागावलो हुतो मी तुमच्यावर. लई. भिंगारच्या खोलीत एकलाच बसून तुमाला शिव्या बी दिल्यात, खोटं कशाला बोलू? पर मी सांगितलं असतं तर मी सुटलो असतो अन् तुमी बसला असता. दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर आपन कसं भरायचं? त्यानं सांगितलं की भरायचं."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तर कोरं राहिलं असतं," ते म्हणाले.

गाडी आली. मी खिडकीशी बसले आणि नगर येईपर्यंत रडले. कंडक्टरने दोनदा विचारलं, ताई, बरं वाटत नाही का.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, सगळे घरी गेले, आणि मी डबा उघडला. चिठ्ठ्या यादीत घातल्या. मग डब्यात नसलेली एक ओळ मी स्वतःहून घातली, जशीच्या तशी: ‘पाऊस झाला तर रोजाने, दसऱ्यानंतर ऊसतोड, उन्हाळ्यात विहिरीवर, मधल्या दिवसांत दगडफोड’. यादी बंद केली. प्रोग्रॅम चालवला.

ब्राउझरमधल्या चौकटीची एक गंमत असते. यादीतली सर्वांत लांब ओळ जेवढी, तेवढी ती रुंद होते. सकाळी आठही मशीनवर ती चौकट काचेच्या पार कडेपर्यंत पसरली होती आणि शेजारचे प्रश्न सरकून खाली गेले होते. ऑपरेटर कुरकुरल्या, पण दुपारपर्यंत तीन घरांना तीच ओळ निवडली गेली. पुढच्या सकाळी मी यादी वाचत असताना साहेबांनी येऊन फॉर्म बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय वेडंवाकडं? ती ओळ छोटी करा. ‘मजुरी’ लिहा."

मी काचेवरून बोट उचललं नाही. माझी हजेरी निम्मीच झाली होती.

"न्हाई जमायचं साहेब," मी म्हटलं.